पोहोचले

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात ग्रामगीतेची पोथी असते, पावतीबुकं असतात आणि गावातल्या प्रार्थना मंडळाचं वर्गणीचं रजिस्टर असतं. पेटीची किल्ली बाबांच्या जानव्याला नाही, कारण आम्ही जानवं घालत नाही. ती त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असते. गेली बावीस वर्षं ते मंडळाचे कोषाध्यक्ष आहेत. म्हणजे होते. त्या 'होते'बद्दलच हे लिहितोय.

मुकुटबन कुठे आहे असं पुण्यात कुणी विचारलं, की मी आधी यवतमाळ म्हणतो, मग वणी म्हणतो, आणि तरीही समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही तर 'तेलंगणा लागायच्या थोडं आधी' म्हणतो. झरी-जामणी तालुका. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. बाजाराच्या दिवशी मराठीसोबत तेलुगू, गोंडी आणि कोलामीही कानावर पडते. कापूस, कोळसा आणि सिमेंट ही आमची ओळख. आणि संध्याकाळी, गावात कुठेतरी, भगव्या टोप्या घालून बसलेली दहा-वीस माणसं आणि खंजिरीचा आवाज. विदर्भात वाढलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. तुकडोजी महाराज १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. गावोगावच्या लोकांना त्यांनी खंजिरीवरच्या भजनांनी गोळा केलं आणि मग त्यांच्या हातात झाडू दिला. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि रामधून म्हणजे भजन म्हणत गावातून फिरायचं, तेही रस्ते झाडून झाल्यावर. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होतो. आमच्याकडे तो सोयाबीन घरात आलं की सवडीने होतो. या सगळ्याला पुजारी लागत नाही. त्यामुळे सतरंजी कुणी अंथरायची, माईक कुणी लावायचा, वर्गणी कुणी मागायची आणि काल्याच्या दिवशी चारशे लोकांचा स्वयंपाक कुणी बघायचा, हे सगळं गावातल्याच माणसांनी वाटून घ्यावं लागतं.

ही वाटणी दरवर्षी एका बैठकीत व्हायची. ती बैठक मी लहानपणापासून पाहिली आहे. अध्यक्ष विचारायचे, "मागच्या साली कोन होतं?" कुणीतरी नाव सांगायचं. "मंग तेच ठेवा." बैठक संपायची आणि चहा यायचा.

गेल्या वर्षी मी घरून काम करत होतो, म्हणून दोन महिने गावातच होतो. मंडळाचे अध्यक्ष बाबांना म्हणाले, "तुमचा पोरगा इंजिनियर हाये, त्याले बी घ्या नं समितीत." मला घेतलं. का, तर मला कॉम्प्युटर येतो. मीही खूश झालो. आमच्या कंपनीत प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला 'स्किल मॅट्रिक्स' नावाची एक एक्सेल शीट बनते. डाव्या बाजूला माणसं, वर कौशल्यं, मधल्या चौकटीत एक ते पाच गुण. मग मॅनेजर ती शीट बघून कोण कुठल्या कामावर जाईल ते ठरवतो. मला वाटलं, गावाला नेमकी हीच गोष्ट हवी आहे. 'मागच्या साली कोन होतं' या पद्धतीपेक्षा काहीही बरंच असणार.

मी गूगल फॉर्म बनवला. नाव, वय, 'तुम्हाला काय काय येते' (भजन, खंजिरी, तबला, हार्मोनियम, विद्युत काम, स्वयंपाक, हिशोब, भाषण) आणि 'किती वेळ देऊ शकता'. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली. एकतीस जणांनी भरला. रात्री अकरा वाजता मी सगळं शीटमध्ये ओढलं, फिल्टर लावले, रंग दिले. ज्यांना जे येतं ते काम त्यांना. हिशोबाच्या रकान्यात एका तरुण शिक्षकाचं नाव टाकलं, कारण त्याने स्वतःला पाचपैकी पाच दिले होते. आणि पासष्टच्या वरच्या सगळ्यांसाठी मी एक नवीन गट केला. त्याला नाव दिलं 'मार्गदर्शक'. शीटची लिंक ग्रुपवर टाकून झोपलो.

सकाळी बाबा अंगणात बसले होते. ग्रुपवरची शीट त्यांना शेजारच्या पोराने मोठी करून दाखवली होती.

"हे मार्गदर्शक म्हंजे काय असते रे?"

"म्हणजे... अनुभवी माणसं. सल्ला द्यायचा."

"म्हंजे घरी बसाचं."

मी काहीतरी बोललो. ते उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि मला राग आला. कारण खरं सांगायचं तर मी हे त्यांच्यासाठीच केलं होतं. आदल्या वर्षीच्या हिशोबात आठशे रुपयांचा घोळ झाला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बाबांना बारीक अक्षर नीट दिसत नाही, आणि हात थरथरतो. १ आणि ९ त्यांच्या अक्षरात आता सारखेच दिसतात. कुणाचे तरी १०० त्यांनी बेरीज करताना ९०० वाचले. कागदावर पैसे जास्त, पेटीत कमी. त्यांनी कुणाला काही न सांगता कापसाच्या पैशातून आठशे टाकले. मला हे आईने सांगितलं, आणि वर "त्याईले सांगजो नको मी सांगतलं म्हून" असंही म्हणाली. म्हणजे काम झेपत नव्हतं हे बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं. पण ते बोलायची जागा कुठेच नव्हती. मी ती गोष्ट एक्सेलच्या रकान्यात बोललो होतो, साठ लोकांच्या ग्रुपवर.

तेवढ्यात बाकीची शीटही उसवायला लागली. फॉर्ममध्ये 'तबला' टिक केलेला पोरगा म्हणाला, या वर्षी नाही वाजवणार. त्याचा मोठा भाऊ चैत्रात गेला होता आणि तबला भावाचा होता. बायकांपैकी फक्त चौघींनी फॉर्म भरला होता, कारण बहुतेक घरांत स्मार्टफोन नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. आणि आमचे इलेक्ट्रिशियन दादा. त्यांचं नाव मी अर्थातच 'माईक व लाइट'समोर टाकलं होतं. ते मला पानटपरीवर भेटले आणि हसत हसत म्हणाले, "भाऊ, चवदा साल झाले मी प्रार्थनेले उभाच हाये, वायर धरून. एखाद्या साली बसू द्या नं."

मी हे हसण्यावारी नेलं नाही, कारण माझंही तसंच झालंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उभा केला. तेव्हापासून आमच्या टीममध्ये रात्री काही बंद पडलं की माझा फोन वाजतो. मला ते येतं, म्हणून ते माझं. मला ते हवंय का, हे पाच वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या कॉलवर एक गोष्ट घडली. आमच्या क्लायंटची टीम फिलाडेल्फियात आहे. तिथल्या लीड बाई साठीच्या आहेत. बाकीचे जॉइन व्हायच्या आधी आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्या म्हणाल्या की रविवारी त्यांची मीटिंग फार लांबली. मी म्हटलं, रविवारीसुद्धा? त्या हसल्या. त्या क्वेकर आहेत. त्यांच्यात प्रार्थनेलाही मीटिंग म्हणतात आणि प्रार्थनेला जमणाऱ्या समाजालाही मीटिंगच म्हणतात. आणि त्यांच्याकडे त्या वर्षी 'नॉमिनेटिंग कमिटी'चं काम होतं. म्हणजे कोणत्या समितीत कोण बसेल, त्यासाठी नावं शोधायची.

मी म्हटलं, मी पण सध्या हेच करतोय. शीट उसवल्याचं सांगितलं. बाबांचं नाही सांगितलं.

नंतर मी बरंच वाचलं. क्वेकर, म्हणजे 'रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स', हा ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या भोवती उभा राहिला. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे ते पेनसिल्व्हेनिया विल्यम पेन नावाच्या क्वेकरानेच १६८१ मध्ये स्थापलं. यांच्या काही शाखांत पाद्री असतात, पण त्या बाईंच्या परंपरेत नसतात. लोक गोल किंवा समोरासमोर बसतात आणि गप्प राहतात. तासभर. एखाद्याला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून बोलतो आणि पुन्हा बसतो. पाद्री नसल्यामुळे इमारतीची डागडुजी, पैशांचा हिशोब, मुलांचे वर्ग, आजारी माणसाला भेटायला जाणं, सगळं सभासदांच्या समित्या करतात. म्हणजे आमच्यासारखंच. निर्णय मतदानाने होत नाहीत. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल कुठे आहे ते कारकून, म्हणजे त्यांचा 'क्लार्क', शब्दांत मांडतो, आणि लोकांना पटलं तरच ते नोंदलं जातं.

आपल्याकडे हे लोक अगदीच अनोळखी नाहीत. १८६६ मध्ये रेचल मेटकाफ ही त्यांची पहिली मिशनरी भारतात आली आणि पुढे होशंगाबादच्या आसपास त्यांचं काम वाढलं. मार्जरी साईक्स ही क्वेकर शिक्षिका तर आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, नई तालीमचे शिक्षक घडवत राहिली. त्याच सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजींनी तुकडोजी महाराजांना बोलावून घेतलं होतं. दोघांची वर्षं वेगळी, पण अंगण एकच. केरळात स्वस्त विटांची सुंदर घरं बांधणारे लॉरी बेकरही क्वेकरच.

पण मला ज्याची गरज होती ते बाईंनी पुढच्या कॉलवर सांगितलं. त्या म्हणाल्या, नामांकन समितीचं निम्मं काम वर्षभर नुसतं बघण्याचं असतं. सभा संपल्यावर नव्या माणसाशी कोण जाऊन बोलतं? खुर्च्या कुणी न सांगता उचलतं? भांडण झालं की दोन्ही बाजू कुणाकडे जातात? ज्याला आपला गुण माहीत असतो तो फॉर्ममध्ये लिहील, पण बहुतेकांना तो माहीतच नसतो. त्यांना तो सहज येतो, म्हणून ते त्याला गुण समजत नाहीत. तो दुसऱ्याने बघून सांगावा लागतो. मग त्या माणसाला भेटून विचारायचं, आणि 'नाही' म्हणायला त्याला खरोखर मोकळीक ठेवायची. बँकेत नोकरी करतो म्हणून प्रत्येक वेळी खजिनदारच करायचं नाही. दिवसभर आकडे बघून आलेल्या माणसाला कदाचित मुलांना गोष्टी सांगायच्या असतील. आणि मुदत संपली की माणसाला त्या कामातून मोकळं करायचं, सगळ्यांसमोर आभार मानून. म्हणजे थांबणं ही शिक्षा वाटत नाही.

मी विचारलं, एखाद्याला थांबायचं नसेल तर? आणि काम झेपत नसेल तर?

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तेव्हा आधी हे शोधायचं, की तो त्या पदाला नाही, तर त्या पदातल्या कोणत्या गोष्टीला धरून बसलाय.

मला याचं उत्तर माहीत नव्हतं. बावीस वर्षं बाबा काय करतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून त्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "वर्गणीले मी येतो तुमच्यासंग." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेटी उघडली, आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं.

आम्ही पाच संध्याकाळी फिरलो. मी मोबाइलवर एक शीट केली होती: नाव, रक्कम, पावती क्रमांक. पहिल्या दिवशी चौथ्या घरापाशी अडलो. घरात एक म्हातारी आणि तिची सून होती. मुलाने दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती. यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य लिहिताना वेगळं काही वाटत नाही, हेच वाईट आहे. बाबा ओट्यावर बसले. पाणी प्याले. तूर कशी आहे, नातू शाळेत जातो का, निराधारचे पैसे आले का, सगळं विचारलं. वर्गणीचं नाव काढलं नाही. उठताना म्हातारी आत जाऊन दहाची नोट घेऊन आली. बाबांनी ती कपाळाला लावून परत तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "माय, तुमची तं पोहोचली. सुनेले काल्याच्या दिवशी पाठवजा, पोळ्याईले हात कमी हायेत." आणि मला म्हणाले, "लिही, पोहोचले."

मी शीटमध्ये 'पोहोचले' टाइप केलं. रक्कम या रकान्यात मी फक्त आकडे चालतील असा नियम लावून ठेवला होता. लाल चौकट आली: चुकीची नोंद.

घरी येऊन मी मागची रजिस्टरं काढली. प्रत्येक वर्षी सात-आठ नावांपुढे रकमेच्या जागी तोच शब्द होता. दरवर्षी नावं वेगळी. ज्या साली बोंडअळीने कापूस खाल्ला त्या साली तर पानभर 'पोहोचले'. ज्यांच्याकडून एक रुपया आला नाही त्यांचीही नोंद पूर्ण होती. काल्याच्या पंगतीत कुणालाही मान खाली घालून बसावं लागलं नव्हतं, आणि हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, कारण रजिस्टर फक्त बाबा लिहायचे.

त्या रात्री मला बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाबांना बेरजेशी काही घेणंदेणं नव्हतं. बेरजेची त्यांना भीतीच वाटायला लागली होती. पण बेरीज सोडली तर रजिस्टर जाईल, आणि रजिस्टर पाच गुणवाल्या शिक्षकाकडे गेलं तर 'पोहोचले' या शब्दाचं काय होईल, हे त्यांनी माझ्या शीटकडे बघून ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना आठशे रुपयांबद्दल विचारलं. आईचं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलंच. बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "डोळ्यानं धोका देल्ला रे. पन घरं तं माह्या पायाले पाठ हायेत."

मग आम्ही दोघांनी मिळून एक नाव काढलं. आमच्याच गल्लीतल्या एक ताई, बचत गटाच्या सचिव. दहा बायकांचे हप्ते, व्याज, बँकेची परतफेड, सगळं त्या एका वहीत ठेवतात आणि बँकेच्या माणसालाही चूक दाखवतात. फॉर्म त्यांनी भरला नव्हता. मंडळात त्यांचं काम इतकी वर्षं 'पोळ्या' एवढंच होतं. ग्रामगीतेच्या एक्केचाळीस अध्यायांत विसावा अध्याय 'महिलोन्नती' आहे, आम्ही तो दरवर्षी वाचतो, आणि वाचून झाल्यावर बायका स्वयंपाकाला उठतात. बाबाच त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "काकाजी, विचार करून सांगतो." चार दिवसांनी हो म्हणाल्या, पण एका अटीवर: काल्याच्या दिवशी त्या पोळ्यांना बसणार नाहीत, टेबलावर हिशोबाला बसतील.

बैठक झाली ती प्रार्थनेनंतर. मी अध्यक्षांना आधीच विनंती केली होती की प्रार्थना संपल्यावर लगेच विषय काढू नका, पाच मिनिटं तसंच बसू. आपल्याकडे हे काही परकं नाही. मोझरीला पुण्यतिथीच्या दिवशी लाखो माणसं महाराजांसाठी मौन उभी राहतात. पाच मिनिटांनी मी माझी शीट मागे घेतली आणि ग्रुपवर टाकायला नको होती म्हणून माफी मागितली. मग एकेक नाव घेतलं, आणि प्रत्येक नावानंतर थांबलो. इलेक्ट्रिशियन दादांनी त्यांच्या हाताखालच्या दोन पोरांना पुढे केलं. तबला या वर्षी वाजला नाही. नुसत्या खंजिरीवर भागवलं. ताईंच्या नावावर एक-दोन आवाज आले, "बाईमानूस रातच्याले हिशोबाले कशी थांबन?" ताई म्हणाल्या, "हिशोब दिवसाच करू नं मंग." त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

अध्यक्षांनी बाबांना शाल दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बाबा उभे राहून काहीच बोलले नाहीत. रजिस्टर त्यांनी ताईंच्या हातात दिलं आणि बंडीच्या खिशातून किल्ली काढली. खाली बसताना त्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला, ते मी पाहिलं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावर ते न जेवता झोपले.

पण घरोघर जाणं त्यांच्याकडेच राहिलं. या वर्षीही ते फिरले. सोबत तो तरुण शिक्षक होता, पाच गुणवाला. तो पावत्या फाडतो आणि रस्त्यात बाबांकडून शिकतो, कुठल्या घरी आधी पाणी मागायचं आणि कुठल्या घरी ओट्यावरूनच परत यायचं. मी पुण्यात आलोय. ताईंसाठी मी एक साधी शीट बनवून दिली, कारण त्यांच्या मुलीला ती वापरता येते. रक्कम या रकान्यावरचा नियम काढून टाकलाय. तिथे आता आकडेही चालतात आणि शब्दही.

परवा ताईंनी फोन करून विचारलं, एकूण बेरीज करताना 'पोहोचले' असेल तिथे शीट काय धरते?

मी म्हटलं, शून्य धरते.

"ते बेरजेत धरू दे," त्या म्हणाल्या. "घरं मोजाले वायला रकाना दे. त्या रकान्यात त्याईले एक धर."

मी तो रकाना जोडून दिला.